कॉलरचा कारखाना, तिसरा मजला

इथे घर विकत मिळत नाही.
मिळतात शेअर. माझे एकशे बारा.
त्यात धरल्यात तीन उंच खिडक्या,
नखानं खरवडली तर भुरभुरणारी विटांची भिंत,
आणि जमिनीतली भोकं.

एके काळी ट्रॉय शहर
अख्ख्या देशाच्या माना ताठ ठेवायचं.
चार-चार भोकांचे चौकोन आहेत, ओळीनं,
शिवणयंत्रं बोल्टनं आवळलेली होती तिथे.
माझा पलंग बावीस आणि तेवीसच्या मधे येतो.
बावीसवर कोण बसायची, ठाऊक नाही.
तिच्या उजव्या पायाखालची फळी तेवढी
नखभर खोल झिजलीय.

अनवाणी चालू नकोस, पहिल्याच दिवशी
वांडा प्रुशिन्स्कीनं बजावलं होतं.
फटींतून अजून सुया वर येतात,
थंडीनं लाकूड आकसलं की जास्तच.
मी बरणीत जमवते. निम्मी भरली.

खाली गल्ली अगदी चित्रातली,
तपकिरी दगडाची घरं, लोखंडी कठडे,
शनिवारचा बाजार, मध विकणारे दोघे भाऊ,
आणि मान वर करून आमच्या खिडक्यांचे
फोटो काढणारी माणसं.
"किती नशीबवान तुम्ही!"
मी हात हलवते.
जानेवारीत हडसनवरून वारा सुटला
की याच खिडक्यांवर मी रजया ठोकते,
तेव्हा ती नसतात.

तर, मतदानाचं.
मालाची लिफ्ट मार्चमध्ये अडकली,
दोन मजल्यांच्या मधे,
एमेट कॉर्कोरनच्या नव्या सोफ्यासकट.
दुरुस्तीला दर घरामागे अकरा हजार डॉलर.
बॉयलरच्या खोलीत सभा. सतरा घरं, सतरा चिठ्ठ्या,
वांडाच्या सूपच्या पातेल्यात.
अँब्रोज टीलिंग, पाचवा मजला, वय एक्क्याऐंशी,
काहीच बोलला नाही.
सगळे जिने उतरून आला होता,
उरलेलं त्याच्या श्वासानं सांगितलं.

आठ विरुद्ध नऊ.
लिफ्ट पडली. म्हणजे ठराव पडला,
लिफ्ट होती तिथेच.
एकमेकांचे चेहरे वाचत लोक वर गेले.
मी पातेलं घासायला थांबले.

नवांतली एक माझी.
अकरा हजार माझ्याकडे नव्हते, हे खरं.
वांडानं हप्ते करून दिले असते, हेही खरं.
मी विचारलंच नाही.

एप्रिलपासून अँब्रोज टोपली सोडतो.
छपराखाली एक तुळई बाहेर आलेली आहे,
लिननचे गठ्ठे वर ओढायची. कप्पी अजून फिरते.
सकाळी नऊला टोपली माझ्या खिडकीसमोरून खाली जाते,
पाव, टपाल, रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन वर येते.
खालचे लोक टाळ्या वाजवतात. तिचेही फोटो.
मी हात बाहेर काढून तिला अडवते
आणि भर घालते,
संत्री, रश्शाचा डबा, शब्दकोड्याचं पान,
नको तितकं.
तो वरून ओरडतो,
"पुरे गं, दोरी माझ्याएवढीच म्हातारी आहे!"
मी एक संत्रं काढून घेते.

काल टोपली खाली जाता जाता
माझ्यापाशी आपणच थांबली.
आत एक कॉलर. पांढरी, सुटी,
इतक्या वर्षांत खळ न सुटलेली.
चिठ्ठी: फळीखाली सापडली.
माझी मान आता हिला पुरत नाही.
तू लाव, एवढं करतेस.

रात्री आरशासमोर लावून पाहिली.
मागचं बटण नव्हतं,
बरणीतली एक सुई टोचली.
छान बसली. ताठ.
हनुवटी खाली नेता येईना,
तेव्हा जमिनीकडे न बघताच
पलंगापर्यंत गेले,
अनवाणी.